बाजेवर विणलेला गालिचा: खान्देशातल्या शेतातून आणि अंगणातून नकाशा कसा उचलायचा

गालिचा किती वर्षं टिकणार हे विणायला बसण्याआधीच ठरलेलं असतं. कोणतं कापड घेतलं, फिका रंग नेमका कुठे आला, पाय अडकेल अशी फट राहिली का, एखादी पट्टी झिजली तर तेवढीच काढून नवी घालता येईल का, हे सगळं कागदावर नकाशा काढतानाच ठरतं. जुनं कापड वापरलं की झाला पर्यावरणपूरक गालिचा, ही समजूत म्हणूनच मला अपुरी वाटते. जुन्या कापडाचा पण वाईट आखलेला गालिचा दोन उन्हाळ्यांत चिंध्या होऊन उकिरड्यावर जातो, आणि मग आपण कचरा वाचवलेला नसतो, पुढे ढकललेला असतो.

या लेखात आपण दोन फूट बाय तीन फूट, म्हणजे साधारण ६० × ९० सेंटिमीटरचा एक गालिचा आखून विणणार आहोत. साहित्य म्हणजे जुन्या सुती साड्या आणि लुगडी, सुती दोरा, घरची बाज (खाट) आणि थोडे झाडपाल्याचे रंग. विकतचा माग लागत नाही.

आधी बघायचं, मग निवडायचं

"निसर्गातून प्रेरणा" असं म्हटलं की हात आपोआप मोर, कमळ आणि वेलबुट्टीकडे जातो. ते टाळा. ती चित्रं आपण दुसऱ्या चित्रांतून घेतलेली असतात. त्यापेक्षा एक वही घ्या आणि आपल्या शिवारात, आपल्या अंगणात रोज दिसणाऱ्या गोष्टींच्या रेषा टिपा. चित्र चांगलं यायची गरज नाही. रेषा उभी आहे की आडवी, आकार किती वेळा परत येतो, शेजारी-शेजारी कोणते रंग आहेत, एवढं लिहून ठेवलं तरी पुरे.

यावल, चोपड्याच्या बाजूने संध्याकाळी सातपुडा बघा. जवळची रांग गडद, तिच्यामागची करडी, त्यामागची आणखी फिकी. हे नुसते आडवे पट्टे आहेत, आणि आडवा पट्टा ही विणकामातली सगळ्यात सोपी गोष्ट. पहिला गालिचा करणाऱ्याने हाच विषय घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. रांगांची जाडी मात्र सारखी ठेवू नका. डोंगर कधीच सारख्या अंतरावर नसतात.

वैशाखातली काळी जमीन हा दुसरा विषय. आपली कापसाची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून तडकते, त्यामुळे भेगांचं जाळं पडतं. जाळ्यातले तुकडे पाच-सहा कोनांचे असतात, पण एकही दुसऱ्यासारखा नसतो. गडद जमिनीवर फिकट रेघा किंवा फिकट जमिनीवर गडद रेघा, दोन्ही खुलतात.

कपाशीचं फूल उमलतं तेव्हा पांढरट-पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गुलाबी होतं. एकाच झाडावर दोन्ही रंग शेजारी दिसतात. यातून आकार नाही घेतला तरी रंगांची जोडी घ्या. ती खान्देशातल्या कोणालाही ओळखीची वाटेल.

माझा सगळ्यात आवडता विषय मात्र शेतातला नाही, घरातला आहे. उन्हाळ्यात बाजेवर जुनं पातळ अंथरून त्यावर वाळत घातलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड. गोल, पण परकाराने काढलेल्या गोलासारखे नाहीत. काही कडेला जरा दबलेले, ओळी थोड्या तिरक्या, मध्ये एखादी जागा रिकामी. खालच्या पातळाचे काठ दोन्ही बाजूंना दिसतात. गालिच्याला लागणारं सगळं त्यात आहे: जमीन (मागचा सलग रंग), किनार, परत परत येणारा आकार आणि त्यातला थोडा बेशिस्तपणा. पुढचं उदाहरण मी याचंच घेणार आहे.

एका गालिच्यात एकच विषय ठेवा. केळी, कपाशी, डोंगर आणि तापी एकत्र आली की कशाकडेच डोळा थांबत नाही.

कापड: फक्त सुती, आणि तेही तपासून

घरोघरी ट्रंकेत साड्या पडून असतात, पण त्यातल्या निम्म्याअधिक मिश्र धाग्याच्या निघतात. हाताला सुती वाटतं म्हणून विश्वास ठेवू नका. कडेचे चार धागे ओढून चिमट्यात धरा आणि पेटवा. सुताला जळलेल्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी राहतो. मणी राहिला की ते कापड बाजूला.

हा आग्रह कशासाठी? सूत आणि पॉलिस्टर एकत्र विणले तर धुतल्यावर सूत आकसतं, पॉलिस्टर आकसत नाही, आणि गालिचा लाटा धरतो. झाडपाल्याचा रंग पॉलिस्टरवर नीट चढत नाही. आणि निव्वळ सुती गालिचा अगदी निकामी झाला तर तुकडे करून खताच्या खड्ड्यात टाकता येतो. मिश्र धाग्याचा तिथे वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. सिंथेटिक साड्यांचं काही करायचंच असेल तर त्यांचं वेगळं पायपुसणं करा, त्यांची सुताशी भेसळ नको.

दुसरी तपासणी जोराची. कापडाला कात्रीने छोटी चीर देऊन ओढा. एका दमात सरळ फाटलं तर उत्तम. ओढताना मध्येच तुटत असेल तर कापड जीर्ण झालंय, ते गोधडीच्या आत घाला. गालिच्यावर पाय घासले जातात, तिथे ते टिकणार नाही.

साडी लांबीच्या दिशेने तीन ते चार सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांत फाडा. कात्रीने कापण्यापेक्षा फाडलेली पट्टी धाग्याच्या सरळ रेषेत येते आणि कडा मऊ राहतात. काठ वेगळे काढून ठेवा, ते गालिच्याच्या किनारीला कामी येतात. जरीचा काठ मात्र नको, तो पायाला टोचतो.

किती कापड लागेल याचा हिशेब असा: दर सेंटिमीटरला तीन ओळी बसल्या तर ९० सेंटिमीटरला २७० ओळी. प्रत्येक ओळीला ६० सेंटिमीटर आणि वळणाचं थोडं जास्त धरून ६६. म्हणजे सुमारे १८० मीटर पट्टी, आणि ती चार सेंटिमीटरची असेल तर सव्वासात चौरस मीटर कापड. साडेपाच मीटरच्या एका साडीपेक्षा हे थोडं जास्त होतं. रंग बदलायचे असल्यामुळे दोन ते तीन साड्या हाताशी ठेवाव्यात. पट्ट्यांचे रंगानुसार गुंडे करून ठेवा.

रंग: आहेत ते आधी वापरा

गुंडे जमिनीवर मांडा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. सकाळी बघा, संध्याकाळी बघा. पन्नास वेळा धुतलेल्या लुगड्याचा विटका हिरवा किंवा विटलेला लाल हा नव्याने रंगवून मिळत नाही, तो वापरून वापरूनच येतो. विषयाला लागणारे रंग यातच सापडले तर रंगकाम करूच नका. खान्देशात उन्हाळ्यात पाणी किती जपून वापरावं लागतं हे आपल्याला कोणी सांगायला नको, आणि रंगकामाला पाणी लागतंच. करायचंच असेल तर दिवाळीनंतर ते माघापर्यंतच्या दिवसांत करा. पाणी असतं आणि ऊनही पुरेसं.

साधारणपणे कमतरता गडद काळपट रंगाची आणि स्वच्छ पिवळ्याची असते. एक किलो सुक्या कापडासाठी प्रमाण देतो.

आधी कापड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळा आणि स्वच्छ धुवा. खळ, तेल, साबण निघाल्याशिवाय रंग डागाडागाने बसतो. मग १५० ते २०० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर भिजवा, पिळून सावलीत वाळवा. सुताला रंग धरायला हिरड्यातला तुरटपणा लागतो. यानंतर १५० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून पुन्हा रात्रभर भिजवा.

पिवळ्यासाठी अर्धा किलो वाळलेली डाळिंबाची सालं रात्री भिजत घाला, सकाळी तासभर उकळा, गाळा आणि त्या पाण्यात कापड मंद आचेवर तासभर ठेवा. मातकट सोनेरी रंग येतो. बाभळीच्या सालीने तपकिरी येतो.

काळ्या जमिनीसाठी लोखंडाचं पाणी करा. गंजलेले खिळे, नालाचे तुकडे, जुनी बिजागरी मातीच्या मडक्यात घाला, गूळ आणि पाणी टाकून तोंडाला फडकं बांधा. दोन-तीन आठवड्यांत पाणी गडद होऊन वर फेस येतो. हिरड्यात भिजवलेलं कापड (याला तुरटी नको) या पाण्यात काही मिनिटं बुडवलं की डोळ्यांदेखत काळपट होतं. लगेच बाहेर काढून भरपूर धुवा. लोखंड जास्त झालं की सूत कुजतं, म्हणून एकदम काळंभोर करण्याचा हट्ट नको. आपली जमीन तरी कुठे निव्वळ काळी असते, तिच्यात करडा आणि तपकिरी असतोच.

फाल्गुनात सातपुड्याच्या पायथ्याला पळस फुलतो आणि त्याच्या फुलांचा केशरी-पिवळा मोहात पाडतो. हळदीचंही तसंच. हे दोन्ही रंग उन्हात लवकर उडतात. गालिचा दारात किंवा खिडकीशी येणार असेल तर ते वापरू नका. पळस घ्यायचाच तर खाली पडलेली फुलं वेचा. मोरचूद किंवा क्रोमचे क्षार रंग पक्का करायला कोणी सुचवतील, पण ते विषारी आहेत, घरात आणू नका. रंगाची भांडी स्टीलची, आणि स्वयंपाकाच्या भांड्यांपासून कायमची वेगळी.

केळीच्या धाग्याबद्दल एवढंच: केळीचं झाड एकदाच घड देतं आणि खोड कापलं जातं, त्यामुळे रावेर, यावलच्या बाजूला खोडांची कमतरता नाही. खोडाचे पापुद्रे बोथट पात्याने खरवडले की चमकदार, ताठ धागा मिळतो, पण शंभर किलो खोडातून जेमतेम किलोभर. तो सुताइतका मऊ नसतो. संपूर्ण गालिचा त्याचा करू नका. चमक हवी तिथे चार-दोन ओळी घाला, आणि काम करताना जुने कपडे घाला, केळीच्या चिकाचे डाग जात नाहीत.

१९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. तिथली सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या आसपास मिळणाऱ्या साध्या साहित्यातून उभी केली होती. इतका मोठा चित्रकार साहित्य गावातलंच घेतो, यात आपल्यासारख्यांना शिकण्यासारखं खूप आहे. अमुक रंग मिळत नाही म्हणून बाहेरून मागवण्याऐवजी तो नकाशातून काढता येतो का, हे आधी तपासा.

नमुना आणि कागद

लोक हा टप्पा टाळतात आणि पस्तावतात. पुठ्ठ्याच्या किंवा छोट्या चौकटीवर १५ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा विणा. मग तो भिजवा, वाळवा आणि मोजा: एका सेंटिमीटरला उभे धागे किती, आडव्या ओळी किती, आकसला किती.

आता हे आकडे का हवेत ते बघा. समजा उभे धागे सेंटिमीटरला दोन आणि ओळी तीन आहेत. नकाशात दोन धाग्यांचा एक रकाना धरा, तो एक सेंटिमीटर रुंद. जाऊन-येऊन दोन ओळींचं एक घर धरा, ते दोन तृतीयांश सेंटिमीटर उंच. म्हणजे तुमचं घर चौकोनी नाही, आडवं आहे. १२ सेंटिमीटरची गोल बिबडी हवी असेल तर आलेखाच्या कागदावर ती १२ रकाने रुंद आणि १८ घरं उंच, म्हणजे उभट अंड्यासारखी काढावी लागते. विणल्यावर ती गोल दिसते. चौकोनी घरांवर गोल काढून तसाच विणला तर चपटी बिबडी मिळते. पूर्ण गालिच्याचा कागद झाला ६० रकाने आणि १३५ घरांचा.

नकाशा काढताना घरातली वापराची जागा डोळ्यासमोर ठेवा. दारातून आत येणारं पाऊल गालिच्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात पडतं. आपल्याकडच्या धुरळ्यात तिथे फिका रंग टाकला तर महिन्याभरात मळतो आणि मग सारखा धुतला जातो, आणि सारखं धुणं म्हणजे लवकर झिजणं. म्हणून बिबड्यांची गर्दी दोन टोकांना घ्या, मधे गडद जमीन मोकळी सोडा. अंगणातसुद्धा बाजेचा मधला भाग हात पोचत नाही म्हणून कधी कधी रिकामाच राहतो.

दोन रंग उभ्या रेषेत शेजारी आले की त्यांच्यामध्ये फट पडते, कारण प्रत्येक पट्टी आपापल्या हद्दीतून मागे फिरते. वाऱ्याने चिरलेल्या केळीच्या पानासाठी ही फट फार सुंदर वापरता येते. पण जमिनीवरच्या गालिच्यात दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा लांब फट ठेवू नका, पायाचं बोट अडकतं. गोलाकारात ही अडचण कमी येते, कारण दर एक-दोन घरांनी कड सरकत असते. लांब उभी रेषा लागलीच तर दोन्ही रंग एकाच धाग्याभोवती आळीपाळीने फिरवा.

बाज बांधणं

नवार तुटलेली जुनी बाज असेल तर ती मोकळी करा आणि भिंतीला टेकवून उभी करा. थेट बाजेला खिळे मारू नका. ७० सेंटिमीटर लांबीच्या दोन लाकडी फळ्या घ्या आणि प्रत्येकीवर एक-एक सेंटिमीटरवर ६० खिळे मारा. एका सरळ रेषेत मारले तर लाकूड चिरतं, म्हणून एक वर एक खाली अशा दोन ओळींत नागमोडी मारा. वरची फळी बाजेच्या वरच्या आडव्या लाकडाला आणि खालची खालच्या लाकडाला दोरीने बांधा, दोघींत १३० सेंटिमीटर अंतर राहील अशी. दोरी आवळली की ताण वाढतो, तोडगा साधा आहे.

उभ्यासाठी १० ते १२ पदरी पक्का सुती दोरा घ्या. नायलॉन नको, तो सुताला कापतो. खिळ्याला वळसा घालत वर-खाली गेलात की १२० उभे धागे होतात. कडेचे दोन-दोन धागे दुहेरी घ्या, झीज तिथेच आधी होते. सगळा मिळून साधारण १७० मीटर दोरा लागतो. तळहात फिरवून बघा: सगळे धागे सारखे ताठ लागले पाहिजेत. एखादा सैल असेल तर आत्ताच दुरुस्त करा, नंतर त्या जागी फुगवटा येतो.

एकाआड एक धाग्यातून बांबूची सपाट पट्टी घाला. ती कडेवर उभी केली की कापडाची पट्टी सरकवायची पहिली फट उघडते. उरलेल्या प्रत्येक धाग्याला दोऱ्याचा फास घालून ते सगळे फासे एका काठीला बांधा. काठी ओढली की दुसरी फट उघडते. ही जुळणी करायला दुपार गेली तरी चालेल, पुढचे सगळे दिवस ती वाचवते.

विणणं

खालून सुरुवात करा. आधी उभ्याच्याच दोऱ्याने पाच-सहा ओळी घट्ट विणा, ही गालिच्याची धार. मग काठाच्या पट्ट्या, मग जमीन.

पट्टी फटीतून सरळ ओढून घट्ट करू नका. कमानीसारखी वर उचलून ठेवा आणि मग पंजाने (विणकामातल्या लोखंडी फणीने) किंवा जाड दात्यांच्या लाकडी फणीने मधून कडेकडे ठोकत खाली बसवा. सरळ ओढली की गालिचा प्रत्येक ओळीला किंचित आत जातो आणि वर पोचेपर्यंत ६० चे ५२ सेंटिमीटर होतात. दर १० सेंटिमीटरला टेपने रुंदी मोजा. कमी होत असेल तर नुसतं पुढचं सैल विणून भागत नाही, दोन-चार ओळी उसवाव्या लागतात.

पट्टी संपली की नवीच्या आणि जुनीच्या टोकांना तिरकं कापून पाच सेंटिमीटर एकावर एक ठेवा आणि ठोका. गाठ मारू नका. गाठ वर येते, तिच्यावर पाय घासतो, आणि गालिचा तिथूनच फाटतो. शिवाय गाठ नसली की पुढे तेवढीच पट्टी सहज निघते. जोड कडेपासून चार बोटं आत ठेवा.

बिबड्यांच्या गोलांना आकार देताना नकाशातलं एखादं घर चुकलं तर लगेच उसवू नका, आधी दोन पावलं मागे जाऊन बघा. पुष्कळदा ते चुकलेलं घरच गोलाला हाताने थापल्यासारखं करतं. रुंदी आणि ठोकणं यात मात्र सवलत नाही.

शेवटचे १५-२० सेंटिमीटर फट उघडायला त्रास होतो. फासे काढून मोठ्या दाभणाने पट्टी ओवा. वरही पाच-सहा ओळींची धार विणा.

उतरवणं, वापर आणि दुरुस्ती

उभे धागे खिळ्यांवरून काढा, चार-चार एकत्र घेऊन धारेला चिकटून गाठी मारा. दोऱ्यांची झालर मोठी ठेवायचा मोह होतो, पण ती झाडूत अडकते. पाच सेंटिमीटर पुरे. मग गालिचा थंड पाण्यात भिजवून सपाट वाळवा, त्याने ओळी बसतात.

धूळ काढायला दोरीवर उलटा टाकून काठीने झटका. धुणं वर्षातून दोन-तीनदा, रिठ्याच्या पाण्यात, आणि वाळत घालताना उलटी बाजू उन्हाकडे. भुसावळ, जळगावचं मे महिन्यातलं ऊन ४५ अंशांपर्यंत जातं, त्यात पक्का रंगही उतरतो. दर महिन्याला गालिचा अर्धा फिरवून ठेवला तर झीज दोन्ही टोकांना वाटली जाते.

विकायचा विचार असेल तर कामाचे तास पहिल्या दिवसापासून वहीत लिहा: फाडणं, रंगवणं, बांधणं, विणणं वेगवेगळं. किंमत ठरवताना गावातल्या मजुरीच्या दराने ते तास आणि दोरा-रंगाचा खर्च जोडा. कापड जुनं म्हणून फुकट धरू नका, ते तपासायला आणि फाडायलाही तास गेलेले असतात. आणि सोबत त्याच कापडाच्या तीन-चार पट्ट्यांचा गुंडा करून द्या.

त्या पट्ट्या दुरुस्तीसाठी. एखादी ओळ झिजली की तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार उभे धागे जास्त धरून तेवढा भाग कात्रीने कापून काढा, उभा धागा मात्र कापू नका. नवी पट्टी दाभणात ओवून त्याच वर-खाली चालीने भरा, दोन्ही टोकं जुन्या पट्टीवर पाच सेंटिमीटर चढवा आणि फणीने दाबून बसवा. उभा धागाच तुटला असेल तर नवा दोरा त्याच्या शेजारून, खाली आणि वर पाच-पाच सेंटिमीटर विणीत घुसवून घ्या, आणि मगच पट्टी भरा.